स्टँडपासून चिंचोळीपर्यंतचा तारा

८ जानेवारी २०२५, बुधवार

सकाळी: ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. दुपारी: तेच.

काय खाल्लं ते रोज लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून ही वही. पण खानावळ चालवणाऱ्या बाईनं ‘दुपारी तेच’ एवढंच लिहायचं म्हणजे लाज वाटते. म्हणून जरा जास्त लिहिते.

डिसेंबरात माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉईडची गाठ होती. कॅन्सर. शब्द लिहिताना हात थांबला, पण लिहिला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, कॅन्सरमधला हा चांगला आहे. त्यावर अभिमन्यू दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणाला, “चांगला कॅन्सर म्हंजी पुढाऱ्यातला प्रामाणिक, असंच की.” हसायला आलं आणि टाके दुखले. (समोर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. इथे नाव लिहिते. कोण वाचतंय!)

आता गळ्यात कुठेतरी चार कण उरले असतील, ते मारायचेत. थायरॉईडला आयोडीनची लई हाव असते म्हणे. कुठं दिसलं की ओढून घेते. त्या हावेचाच फायदा घ्यायचा. आधी तिला उपाशी ठेवायचं आणि मग किरणं टाकणारं आयोडीन गिळायला द्यायचं. म्हणून आयोडीनचं मीठ बंद, दूध-दही बंद, अंडं बंद, बेकरीचं बंद. औषधाच्या दुकानातून वेगळं मीठ आणलंय. थायरॉईडच्या गोळ्याही मुद्दाम सुरू केल्या नाहीत, त्यामुळे थंडी वाजते, तोंड सुजलंय आणि भाकरी थापता थापता हात मध्येच थांबतो, पुढं काय करायचं ते आठवत नाही.

चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड आहे. दुपारी कंपन्यांतली माणसं जेवायला येतात. अभिमन्यू एका कंपनीत फिटर आहे, सुट्टी झाली की वाढायला येतो. मी थांबले तर सगळंच थांबतं.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

सकाळच्या एसटीनं करमाळ्याहून आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सोनाबाई. येताना बाजरीचं पीठ, पावटे, हरभऱ्याचे डहाळे, गाजरं, सगळं बांधून आणलं. पिशवी ठेवायच्या आधी माझ्या गळ्यावरून बोट फिरवलं.

“बरं शिवलंय की. शिंप्यानं सुदिक असं शिवलं नसतं.”

मग मिठाचा विषय निघाला. मी सगळं समजावून सांगितलं. आत्यांना एकच समजलं.

“म्हंजी इतके दिस आमी मिटातनं औषिद खात हुतो? कुणाला इचारून घातलं?”

“गलगंड होऊ नये म्हणून सरकार घालतं, आत्या.”

“तुला घालून बी झालाच की!”

भोगीच्या भाजीत त्यांनी माझंच मीठ घातलं आणि सगळ्यांना तेच वाढलं. म्हणाल्या, एका घरात दोन मिटं नगोत. काव्या तीळ लावलेली भाकरी खात बसली होती. ती सहा वर्षांची आहे. तिनं विचारलं, गड्ड्याच्या जत्रेला कधी जायचं, मोठा पाळणा आलाय. अभिमन्यू म्हणाला, मी नेतो. मी लोकांत उभी राहू शकत नाही, पाय भरून येतात.

भाजी छान झाली होती. लिहायचंच राहिलं.

१९ जानेवारी, रविवार

खरं लिहायचं तर भीती वाटते. चांगला कॅन्सर, चांगला कॅन्सर म्हणून सगळे सांगतात, पण माझी आईसुद्धा ‘साधा ताप आहे’ म्हणता म्हणताच गेली. काव्या एवढी लहान आहे की मी गेले तर तिला माझा चेहरा फोटोतलाच आठवेल, आणि माझे फोटो सगळे लग्नातले. नाकात नथ, डोळे मिटलेले.

पुढचं लिहिणार होते, पण आत्यांनी हाक मारली, कुकरची शिट्टी उडाली. उठून बघावं लागलं. बरं झालं.

२७ जानेवारी, सोमवार. हॉस्पिटल, सोलापूर

खोली स्वच्छ आहे. दाराला जाड पत्रा, किरणं अडवायला आत शिसं घातलंय. कोपऱ्यात कॅमेरा, भिंतीला फोन. दागिने घरी ठेवून आले, गळा मोकळा मोकळा वाटतोय. वही आत नेऊ का असं विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, न्या, जाताना मीटर लावून बघू, जास्त टिकटिक झाली तर इथेच ठेवू.

दुपारी डॉक्टर आले. बरोबर एक शिशाचा डबा, आपल्या मिसळणाच्या डब्याएवढाच, पण उचलताना त्यांचा खांदा वाकला. आतून एक साधी कॅप्सूल निघाली. मला वाटलं होतं चमकेल वगैरे. मी गिळली, पाणी प्याले, आणि सगळे झपझप बाहेर गेले. कुणी पाठ दाखवून इतक्या लवकर गेलं की आपण काहीतरी केलंय असं वाटतं.

भरपूर पाणी प्यायचं. संडासात दोनदा पाणी सोडायचं. उद्यापासून आंबट गोळ्या चघळायच्या. दारापाशी कागदी ताटात जेवण ठेवतात आणि हाक मारून निघून जातात. आज वरणभात. वरणाला फोडणी करपलेली. मी असते तर परत पाठवलं असतं.

अभिमन्यूचा फोन आला. म्हणाला, खानावळ झ्याक चाललीय, तू काळजी करू नकोस. मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. म्हणाला, मांजर.

आमच्याकडे मांजर नाही. शेजाऱ्यांचं आलं असेल.

२८ जानेवारी, मंगळवार

भिंतीवरचा फोन वाजला. मला वाटलं सिस्टर. तर एक वयस्कर बाई बोलल्या, “मी बाजूच्या खोलीतली. माहेनूर. नवीन आहात ना? सकाळपासून तुमच्या चपलांचा आवाज येतोय. खोलीत फिरून हे लवकर उतरत नाही बेटा, पाणी पिऊन उतरतं.”

मी हसले. ऑपरेशन झाल्यापासून माझा आवाज घोगरा झालाय, तर त्यांनी विचारलं, सर्दी आहे का. सांगितलं. म्हणाल्या, माझा चार महिन्यांनी आला होता, तुझाही येईल.

त्या उर्दू हायस्कूलमध्ये सायन्स शिकवायच्या. रिटायर झाल्यात. नवरा वारला, मूलबाळ नाही, एक पुतण्या आहे, तन्वीर, तो मुंबईला. सगळा स्टाफ त्यांना आपा म्हणतो. इथं त्यांची ही चौथी खेप आहे म्हणे. त्यामुळे त्यांना सगळं माहीत आहे. कुठली सिस्टर चहा पाजते, कुठल्या नळाला गरम पाणी येतं. चार वेळा येऊनही इतक्या मजेत बोलतात, तर मी एका वेळेला एवढं का घाबरावं?

दुपारी उसळ, बरी होती. मी आपांना माझ्या शेंगाचटणीची कृती सांगितली. त्या म्हणाल्या, “नक्को सांगू, इथं पोट जळतंय.” पण मग लसूण किती, ते परत विचारलं.

२९ जानेवारी, बुधवार

आज जे ऐकलं ते विसरायच्या आत लिहिते. चुकलं तर माझं चुकलं, आपांचं नाही.

मी आपांना विचारलं होतं, हे आयोडीन येतं कुठून. मला म्हणायचं होतं की कुठल्या कारखान्यात बनतं. त्या म्हणाल्या, “कॅप्सूलमधलं अणुभट्टीत बनवतात. पण मिठातलं, समुद्रातलं, तुझ्या गळ्यातलं, ते कुणी बनवलं? वेळ आहे का?”

“वेळच वेळ आहे आपा. दार उघडत नाही.”

मग त्या शिकवायला लागल्या. आवाजच बदलला. वर्गात उभ्या राहिल्यासारखा.

म्हणाल्या, सुरुवातीला जगात जवळजवळ सगळा हायड्रोजन आणि हेलियम, दोन्ही हलके. बाकी सगळं ताऱ्यांनी शिजवलं. “तू चूल पेटवतेस ना, तशा चुली. पण मोठ्या चुलीत सुद्धा लोखंडापर्यंतच शिजतं. तिथवर शिजवलं की उष्णता मिळते. लोखंडाच्या पुढं शिजवायला गेलं की उलट घरचीच उष्णता घालावी लागते. म्हणून लोखंड झालं की मोठ्या ताऱ्याची चूल बसते. मधे काही आधार राहिला नाही की तारा आत कोसळतो आणि फुटतो. त्या फुटण्यातून लोखंड, ऑक्सिजन सगळीकडे उधळतं. तुझा तवा तिथला. तुझ्या रक्तातलं लोखंडही.”

“मग आयोडीन? ते लोखंडापेक्षा जड आहे?”

“लई जड.” (त्यांनी ‘लई’ म्हटलं, माझ्यामुळे.) “त्याला वेगळी भट्टी लागते. म्हातारे तारे हळूहळू, एकेक दाणा टाकत काही जड धातू करतात. या दारातलं शिसं बरंचसं तसं झालेलं. पण आयोडीन, सोनं, युरेनियम यांना घाई असते. त्यांना एका क्षणात पोत्यानं न्यूट्रॉन लागतात. एवढे न्यूट्रॉन कुठं असतात, सांग.”

मला काय माहीत!

“फुटलेल्या ताऱ्याचा मधला गाभा कधीकधी उरतो, तो जवळजवळ सगळा न्यूट्रॉनचाच. वजन सूर्यापेक्षा जास्त, आणि आकार केवढा? सोलापूर स्टँडवरून निघालीस तर चिंचोळीला तुझ्या खानावळीच्या जरा पुढं जाईपर्यंत संपेल, एवढाच.”

मी फोन कानाला तसाच धरून बसले. रोज ज्या रस्त्यानं भाजी आणते त्यावर मी एक सूर्य ठेवून बघत होते. कुठं वळायचं, बाळे गाव मागं पडल्यावर किती राहील, टोलनाक्याचं काय होईल.

असे दोन गाभे एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि आपटतात. त्यात सोनं होतं, आयोडीन होतं. आठेक वर्षांपूर्वी अशी एक टक्कर शास्त्रज्ञांनी खरोखर पाहिली, आपांनी तेव्हा वर्गात मुलींना मिठाई वाटली होती. पण त्या असंही म्हणाल्या, आपल्याकडचं सगळं तिथूनच आलं की आणखी कुठल्या स्फोटातून, यावर अजून वाद चाललाय. “ज्याचं नक्की माहीत नाही ते नक्की आहे म्हणून शिकवायचं नाही, हा माझा नियम.”

मी म्हटलं, “म्हणजे मंगळसूत्रातलं सोनं आणि गळ्यातलं आयोडीन, दोघं एका गावचे?”

पलीकडे आपा इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. पाठ दुखते त्यांची, बसून बसून. म्हणाल्या, थांब, काठी घेऊन जरा उभी राहते.

परत आल्यावर आणखी एक सांगितलं, ते मला सगळ्यात आवडलं. पृथ्वी झाली तेव्हा त्या ढगातल्या आयोडीनमध्ये थोडं किरणं टाकणारं आयोडीन पण होतं. माझ्या पोटात आहे ते नव्हे, त्याचं भावंड, फार सावकाश संपणारं. ते केव्हाच संपलं. पण संपताना त्याचा झेनॉन नावाचा वायू झाला, तो आकाशातून पडलेल्या दगडांत अडकून बसलाय. तो मोजून शास्त्रज्ञ सांगतात की सूर्य जन्मायच्या आधी, फार आधी नव्हे, कुठंतरी जवळपास ती भट्टी पेटली होती.

“संपलं, पण हिशेब ठेवून गेलं,” मी म्हटलं.

“शाब्बास,” आपा म्हणाल्या. मला शाळेत कुणी शाब्बास म्हटल्याचं आठवत नाही. बारावीला विज्ञान नव्हतंच, आमच्या गावात फक्त आर्ट्स होतं.

आज काय खाल्लं ते आठवत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार. घरी

काल संध्याकाळी सोडलं. सिस्टरांनी मीटर लावलं, मी पास. वहीला लावलं, वहीपण पास. थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या.

जाताना आपांच्या दाराच्या काचेतून पाहिलं. मला वाटलं होतं उंच असतील, आवाज तसा आहे. पण लहानशा आहेत, पांढरी ओढणी, पलंगाच्या कडेला टेकून उभ्या. त्यांनी हात केला. त्यांना अजून थांबायचंय, त्यांचा डोस मोठा होता.

घरी वेगळी खोली, वेगळं ताट, वेगळे कपडे. दोन आठवडे काव्याजवळ जायचं नाही. आत्यांनी उंबऱ्याबाहेर रांगोळीची जाड रेघ ओढली आणि काव्याला सांगितलं, “ह्याच्या आत पाय टाकशील तर आयच्या पोटातलं किरन चावंल.” काव्या रेघेपाशी मांडी घालून बसलीय आणि किरण कधी बाहेर येतो त्याची वाट बघतेय.

अभिमन्यूच्या हाताला पट्टी आहे. म्हणाला, कंपनीत भाजलं. फिटरला कसं भाजतं कोण जाणे, पण नव्या मशिनवर असतात तसली कामं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

फोटो काढायला हॉस्पिटलला. आयोडीन अंगात जिथं जाऊन बसलं तिथं फोटोत उजेड दिसतो. माझ्या फोटोत गळ्याशी दोन ठिपके, बाकी सगळा अंधार. डॉक्टर खूश.

आपा पण आल्या होत्या. प्रत्यक्ष भेटलो, पण मधे खुर्ची सोडून बसलो, दोघींच्या अंगात अजून किरणं. त्यांचा फोटो त्यांनीच दाखवला. गळा कोरा होता, पण पाठीच्या मणक्यांत, कमरेत, एका बरगडीत दिवेच दिवे.

“बघ, माझ्यात गड्ड्याची रोषणाई लागलीय.”

मला जरा हेवाच वाटला. माझ्या वाट्याला दोनच ठिपके. एवढं औषध आपांच्या अंगी लागलं.

“दिसतंय म्हणजे पोचतंय, बेटा,” त्या म्हणाल्या. “जिथं पोचतं तिथं काम करतं. दिवे दिसतात तोवर मी फिकीर करत नाही.”

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आत्यांनी रांगोळीची रेघ स्वतःच्या हातानं पुसली. काव्या पळत येईल असं वाटलं होतं. आली नाही. दारात उभी राहून विचारलं, “किरण गेला का नक्की?”

“गेला.”

“कुठं गेला?”

मी म्हटलं, ये, सांगते. मग आली. आधी बोटानं दंडाला शिवून पाहिलं. चावलं नाही म्हटल्यावर मांडीत शिरली ती दुपारपर्यंत उठली नाही. तिचे केस धुवायला झालेत. मांडीला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही.

आता काही खाल्लेलं लिहायची गरज नाही, पण वही चालू ठेवते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खानावळीत परत उभी राहिले. गोळ्यांनी अंगात ऊब आलीय, हात परत माझे झालेत. गुरप्पा म्हणून एक क्रेन चालवणारे आहेत, अक्कलकोटकडचे, रोजचे गिऱ्हाईक. त्यांनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, “वैनी, आता सांगतो. तुमी नव्हता तवा आमी इथं फक्त मैत्री म्हणून जेवलो.”

तेव्हा सगळं बाहेर आलं. आत्यांनी सवयीनं सगळ्यांच्या भाजीत माझंच मीठ घातलं, तेही हात राखून, महाग असतं म्हणून. अभिमन्यूनं रस्सा करताना कढई हातावर उपडी करून घेतली. ती पट्टी. आणि ते मांजर.

अभिमन्यूला म्हटलं, “खोटं का बोललात?”

“खरं बोललो आसतो तर तू भिंत फोडून आली आसतीस की.”

खरं आहे.

३१ मार्च, सोमवार. ईद

आपांकडे शीरखुर्मा प्यायला गेलो, आम्ही तिघं आणि आत्यासुद्धा. दोन खोल्यांचं घर, कपाटात पुस्तकं, खिडकीत मनीप्लांट. या वेळी रोजे त्यांना डॉक्टरांनी धरू दिले नाहीत, त्याची चुटपुट त्या दोनदा बोलल्या.

आत्या आधी अवघडून बसल्या. मग शीरखुर्म्याची वाटी हातात आली.

“शेवया घरच्या?”

“नाही हो, विकतच्या. हात चालत नाही आता.”

“पुढल्या बारीला मी करून धाडीन. बारीक केसावानी. आमच्या करमाळ्यात माज्यासारक्या शेवया कुणाला जमत न्हाईत.”

नंतर दोघी गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या. काव्यानं आपांची काठी घेतली आणि घोडा करून घरभर फिरली. मी खानावळीत ताऱ्यांची गोष्ट सगळ्यांना सांगत असते, ते अभिमन्यूनं आपांना सांगून टाकलं. गुरप्पांनी तर विचारलं होतं, तो तारा चिंचोळीत आणला तर आमच्या क्रेननं उचलेल का. आपांनी गंभीरपणे उत्तर दिलं: त्याचा साखरेच्या दाण्याएवढा तुकडासुद्धा जगातल्या कुठल्याच क्रेनला उचलायचा नाही.

परतताना आत्या म्हणाल्या, “बाई लई चांगली हाय. पर एकटी हाय.” मग म्हणाल्या, “आता न्हाय म्हना.”

७ ऑगस्ट, गुरुवार

सहा महिन्यांची तपासणी. परत ते मीठ, परत गोळ्यांविना दिवस, परत सुजलेलं तोंड. पण माझा फोटो कोरा! एकही ठिपका नाही. रक्तातला आकडा पण जवळजवळ शून्य. डॉक्टर म्हणाले, आता वर्षानं या. मी तिथंच खुर्चीत रडले, आणि सिस्टर म्हणाल्या, “काही झालं नाही तर रडता, काही झालं असतं तर काय केलं असतं?”

आपांची तपासणी आजच ठेवली होती, मुद्दाम एकत्र. डॉक्टरांनी कुणीतरी बरोबर आत या म्हटलं, तन्वीरला रजा मिळाली नव्हती, म्हणून अभिमन्यू गेला. मी तोवर पेढे आणायला खाली उतरले.

आपांचा फोटो पण या वेळी कोरा! मणक्यात नाही, कमरेत नाही, कुठंच दिवा नाही. मी म्हटलं, आपा, दोघीही पास! रक्तातला आकडा तेवढा वाढलाय म्हणे त्यांचा, पण वयानं साखर वाढते, प्रेशर वाढतं, तसा तोही वाढत असेल. त्यांना पेढा भरवला. त्यांनी अख्खा खाल्ला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

अभिमन्यू बाहेर येऊन म्हणाला, “चला, भूक लागलीया.” मग जेवला मात्र निम्मंच.

१७ ऑगस्ट, रविवार

गेले दहा दिवस अभिमन्यू कामावरून सुटला की वाट वाकडी करून शहरात जातो आणि आपांना डबा देतो. मी सांगितलं नव्हतं. रोज एवढं पेट्रोल कशाला म्हटलं, तर म्हणाला, तुझी भाकरी त्यांना आवडती. गोड माणूस आहे. लग्न ठरवताना मामा म्हणाले होते, पोरगं बोलत नाही. बोलत नाही, पण करतं.

२४ ऑगस्ट, रविवार

श्रावण संपला. खानावळीला सुट्टी, म्हणून आपांना जेवायला बोलावलं. मटण मुद्दाम मुलाण्याकडून आणलं, त्यांना चालावं म्हणून. पहाटेपासून वाटण. आत्यांनी कडक भाकऱ्या थापल्या, कागदासारख्या पातळ. शेडमध्ये मधोमध एकच टेबल मांडलं आणि त्यावर धुतलेली चादर घातली.

अभिमन्यूनं त्यांना रिक्षातून हाताला धरून उतरवलं. बारीक झाल्यात. मी म्हटलं, माझा डबा खाऊनसुद्धा? म्हणाल्या, तुझा डबा नसता तर उडूनच गेले असते.

बसल्यावर म्हणाल्या, “पिंकी, तुला एक सांगायचं होतं.”

“आधी जेवा आपा. रस्सा गार झाला की तवंग बसतो.”

जेवल्या. अगदी मन लावून. भाकरी चुरून रश्श्यात भिजवली, वर लिंबू पिळलं, नाकातोंडातून पाणी आलं तरी थांबल्या नाहीत. काव्याला नळीतला गर काढायला शिकवलं, ताटावर हाडूक आपटून. आत्या म्हणाल्या, वाढ गं अजून, आणि त्यांनी वाटी पुढं केली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं! आजारी माणूस असं जेवतं का?

मग मी विचारलं, “काय सांगायचं होतं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शेडकडे, चुलीकडे, काव्याकडे.

“हेच की डॉक्टरांनी आयोडीन बंद केलं. म्हणाले, आता त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या गोळ्या आहेत, त्या मुंबईला मिळतात. परवा तन्वीर न्यायला येतोय. काही महिने तिकडेच राहीन.”

“बंद केलं? म्हणजे सुटलात की त्या खोलीतून!”

“सुटले खरी,” आपा म्हणाल्या आणि हसल्या. “तू म्हणतेस ते बरोबर आहे.”

मी लगेच शिरा टाकला. एवढी चांगली बातमी आणि वर गोड नाही, हे काही खरं नाही. साजूक तूप सढळ हातानं घातलं, आता दोघींनाही दूधतूप चालतं. आत्या शिऱ्याच्या वासानं उठून आल्या, आपांच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात आपल्या हातात घेऊन कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. आत्या आणि गप्प! मटण जास्त झालं असणार.

निघताना आपा म्हणाल्या, “परत आले की येईन.”

“येईन काय, दर रविवारचं ताट तुमचंच आहे. मुंबईत काही खायला मिळत नाही, तिकडे चटणी बांधून देते.” अर्धा किलो दिली. पुतण्यालाही पुरेल.

काव्यानं त्यांना वाकून नमस्कार केला. कुणी सांगितलं नव्हतं.

अभिमन्यू म्हणाला, मी सोडून येतो. बराच वेळ लागला त्याला. आल्यावर सरळ मागं गेला आणि सकाळपासूनची सगळी भांडी घासत बसला, मोठं पातेलंसुद्धा, जे मी उद्या गरम पाण्यात भिजवून घासणार होते. मी टॉवेल घेऊन शेजारी बसले. घासलेलं एकेक पुसायला घेतलं. दुपारची उन्हं उतरली होती, बरं वाटत होतं.

“काय म्हणाल्या आपा वाटेत?”

“काय न्हाय,” तो म्हणाला. पातेलं खाली ठेवलं, परत उचललं, परत घासलं. “जेवान लई झ्याक झालं हुतं, सांग म्हनल्या.”

ते तर मला माहीतच होतं.